‘सत्तर वर्षं एकत्र शिकवलं, तरी मागेच’ : एका फॉरवर्डला उत्तर

आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर परवा एक फॉरवर्ड आला. हा माझ्याकडे चौथ्यांदा येतोय. एकदा तर सख्ख्या मामानेच पाठवला होता. मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेत १९५४ साली सुप्रीम कोर्टाने गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाळा एक केल्या. काळ्या मुलांना बसमध्ये घालून चांगल्या शाळांत नेलं. आता कायदा सगळ्यांना सारखा, कुणी कुठेही राहावं. सरकारने अब्जावधी डॉलर ओतले. सत्तर वर्षं झाली, तरी ती मुलं मागेच. उलट आपली माणसं दोन सुटकेस घेऊन गेली, कुणाची मदत नाही, आणि त्यांची पोरं स्पेलिंग बी जिंकतात. म्हणजे शाळा, पैसा, कायदा हे सगळं थोतांड. खरे ते घरचे संस्कार. शेवटी हात जोडलेले दोन इमोजी.

मी न्यू जर्सीत अकरा वर्षं राहून आले आणि माझी मुलगी तिथल्या सरकारी शाळेत पाचवीपर्यंत शिकली, म्हणून ‘तू सांग गं’ असं मलाच टॅग केलं गेलं. एक अंगठा टाकून सुटले असते. पण फॉरवर्डमधली एक गोष्ट खरी आहे आणि तिच्याच जोरावर तो फिरतो: अंतर आजही आहे. वाचनात आहे, गणितात आहे, कॉलेज पुरं करण्यात आहे. ते नाकारून उत्तर देता येत नाही. माझं भांडण आहे ते ‘सत्तर वर्षं’ या दोन शब्दांशी. बाकीचा सगळा डोलारा त्यांच्यावर उभा आहे.

‘१९५४ साली कोर्टाने शाळा एक केल्या’

कोर्टाने निकाल दिला. शाळा एक केल्या नाहीत.

१७ मे १९५४ ला ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन या खटल्यात नऊच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की वंशावरून मुलांना वेगळ्या सरकारी शाळांत घालणं घटनेत बसत नाही. पण हे कोण करणार, कधीपर्यंत करणार, यावर त्या दिवशी अक्षर नव्हतं. ते वर्षभराने, ३१ मे १९५५ च्या दुसऱ्या निकालात आलं, आणि त्यात शब्द होते ‘ऑल डेलिबरेट स्पीड’. त्वरा करा, पण सबुरीने. आपल्या सरकारी कचेऱ्यांतून ‘योग्य ती कार्यवाही सुरू आहे’ असं उत्तर येतं ना, त्याच जातकुळीचं वाक्य. दक्षिणेतल्या राज्यांनी त्यातली सबुरी तेवढी घेतली. १९५६ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या १०१ सदस्यांनी निकालाविरुद्ध जाहीरनामा काढला. १९५७ मध्ये लिटल रॉक शहरात नऊ मुलांना हायस्कूलच्या दारातून आत न्यायला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनचे जवान पाठवावे लागले. पुढच्या वर्षी तिथली सरकारी हायस्कुलं वर्षभर बंदच ठेवली.

आता आकडा बघा. १९६३-६४ चं शालेय वर्ष, निकालाला दहा वर्षं होत आलेली. यादवी युद्धात फुटून निघालेल्या दक्षिणेतल्या ११ राज्यांत गोऱ्या मुलांबरोबर एका शाळेत बसणारी कृष्णवर्णीय मुलं होती १.२ टक्के. शंभरात दोनसुद्धा नाहीत.

व्हर्जिनिया राज्यातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीची (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण फॉरवर्डवाल्यांना ती माहीत असती तर त्यांनी पहिलं वाक्यच लिहिलं नसतं. तिथलं गाव फार्मविल. गावातल्या कृष्णवर्णीय मुलांसाठी मोटन हायस्कूल होतं, बांधलेलं १८० मुलांसाठी आणि आत कोंबलेली चारशेच्या वर. जागा पुरेना म्हणून आवारात लाकडी खोपटी उभी केली, वर डांबरी कागद. आत एक शेगडी. शेगडीजवळची मुलं भाजायची, दाराजवळची कोट घालून बसायची, आणि पाऊस आला की छत गळायचं. २३ एप्रिल १९५१ ला बार्बरा जॉन्स नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीने काय करावं? हेडमास्तरांना खोटा निरोप पाठवून शाळेबाहेर काढलं, सगळ्या मुलांना सभागृहात बोलावलं आणि संप पुकारला. मागणी एवढीच की बरी इमारत द्या. तो संप पुढे कोर्टात गेला, आणि ब्राउन निकालात जे पाच खटले एकत्र केले होते त्यातला एक झाला.

म्हणजे फार्मविल जिंकलं. मग काय झालं? १९५९ मध्ये ‘आता शाळा एकत्र कराच’ अशी वेळ आली, तेव्हा काउंटीने शाळांसाठी पैसाच मंजूर केला नाही. सगळ्या सरकारी शाळांना कुलूप. गोऱ्या मुलांसाठी खाजगी अकॅडमी निघाली आणि तिच्या फीला सरकारी तिजोरीतून मदत मिळाली. सतराशेच्या आसपास कृष्णवर्णीय मुलं घरी बसली. कुणी दुसऱ्या काउंटीतल्या मावशीकडे, आत्याकडे राहायला गेलं, कुणी तंबाखूच्या शेतात. १९६४ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा दटावलं तेव्हा कुलपं निघाली. पाच वर्षं. १९५९ मध्ये सहा वर्षांचा होऊन पहिलीत जायला निघालेला मुलगा अकराव्या वर्षी पहिलीच्या दाराशी उभा. तो आज सत्तरी ओलांडलेला असेल. त्याची मुलं आहेत, नातवंडं आहेत, आणि त्यांचा गृहपाठ घ्यायला घरात कोण होतं, ते तुम्हीच ठरवा. फॉरवर्डने ही पाच वर्षंही ‘एकत्र शिकवल्याच्या’ खात्यात जमा धरली आहेत.

खरी हालचाल झाली ती १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर, कारण त्यात वंशभेद करणाऱ्या शाळांचा केंद्राचा निधी रोखायची सोय होती आणि पुढच्याच वर्षी केंद्राने शाळांना भरघोस पैसा देऊ केला. पैशाची भाषा लगेच कळते. १९६८ मध्ये कोर्टही वैतागून म्हणालं की आता पुरे, आत्ता चालेल अशी योजना दाखवा. दक्षिणेत बहुसंख्य गोऱ्यांच्या शाळेत जाणारी कृष्णवर्णीय मुलं १९६४ मध्ये २ टक्के होती, ती १९६८ मध्ये २३, १९७० मध्ये ३३ आणि १९८८ मध्ये ४३ टक्क्यांच्या वर गेली. तो कळस. १९९१ पासून सुप्रीम कोर्टाने निकालांमागून निकाल देऊन शाळा एकत्र करण्याचे आदेश सैल केले, आणि २०११ मध्ये आकडा परत २३ वर आला. जिथे १९६८ मध्ये होता, बरोबर तिथे.

सत्तरातून एवढं वजा केलं की हातात वीस-बावीस वर्षं उरतात, तीही मुख्यतः दक्षिणेतली.

‘बसमधून नेलं, काही उपयोग झाला नाही’

बसचं आधी सांगते, कारण बस हा शब्द असा उच्चारतात जणू ती कोर्टाने शोधून काढली. ज्या लिंडा ब्राउनच्या वडिलांचं नाव त्या खटल्याला आहे, तिच्या घरापासून सात ब्लॉकवर शाळा होती. ती गोऱ्यांची. म्हणून लिंडा रोज रेल्वेच्या यार्डातून चालत बसथांब्यावर जायची आणि तिथून बसने लांबच्या कृष्णवर्णीयांच्या शाळेत. साउथ कॅरोलायनातल्या क्लॅरेंडन काउंटीत उलटा प्रकार. गोऱ्या मुलांसाठी तीस बस, कृष्णवर्णीयांसाठी एकही नाही, मुलं मैलोन्‌मैल पायी. पालकांनी वर्गणी काढून एक जुनाट बस घेतली, तर काउंटीने पेट्रोललाही पैसे दिले नाहीत. तिथून सुरू झालेला खटलाही ब्राउनमधल्या पाचांतला एक. खटल्यावर पहिलं नाव हॅरी ब्रिग्ज यांचं, ते पेट्रोल पंपावर कामाला होते. त्यांना कामावरून काढून टाकलं. मुलांना वेगळं ठेवायला बस चालत होती तोवर कुणाची तक्रार नव्हती. एकत्र आणायला निघाली तेव्हा ती मुलांवरचा अत्याचार ठरली.

आता उपयोगाचं. बसचं नाव काढलं की सगळ्यांना १९७४ चं बॉस्टन आठवतं: शाळेच्या बसवर दगड, रस्त्यावर पोलीस, रडणारी मुलं. ते घडलं, खोटं नाही. पण नॉर्थ कॅरोलायनातलं शार्लट शहर कुणाला आठवत नाही, कारण तिथे फोटो काढण्यासारखं फारसं काही झालं नाही. १९७१ मध्ये सुप्रीम कोर्टाने बसच्या योजनेला मान्यता दिली ती याच शहराच्या खटल्यात. सुरुवातीला धुसफूस झाली, मग शहराने ती योजना आपली मानली. १९८४ च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष रेगन तिथे सभेला गेले आणि बसचा हा प्रयोग फसला, असं टाळीचं वाक्य टाकलं. टाळी पडली नाही. सभेतले बहुतेक गोरे, बहुतेक त्यांचेच मतदार, आणि सगळे गप्प. दुसऱ्या दिवशी तिथल्या ‘शार्लट ऑब्झर्व्हर’ने अग्रलेख लिहिला: राष्ट्राध्यक्ष महाशय, आपण चुकलात. आमच्या एकत्र शाळा हा आमच्या अभिमानाचा विषय आहे.

शार्लटमधली ही व्यवस्था पुढे कोर्टानेच काढून घेतली आणि २००२ मध्ये मुलं परत वस्तीनुसार वाटली गेली. मग डेव्हिड डेमिंग आणि त्यांच्या सहकारी अर्थतज्ज्ञांनी शाळांच्या नव्या हद्दींच्या सीमारेषेच्या दोन्ही बाजूंच्या मुलांची तुलना केली. कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्याकांची मुलं जास्त असलेल्या शाळांत जी पडली, त्यांचे गुण घसरले, मग ती गोरी असोत वा काळी. आणि अल्पसंख्याक मुलग्यांमध्ये पुढे गुन्ह्यांचं प्रमाण वाढलं. एका शहरात औषध दिलं, काढलं, ताप परत आला.

देशभराचंही असंच आहे. अमेरिकेत एक राष्ट्रीय चाचणी १९७० च्या सुमारापासून त्याच मापाने घेतली जाते. तेरा वर्षांच्या मुलांमध्ये वाचनातलं गोऱ्या-कृष्णवर्णीयांचं अंतर १९७१ मध्ये ३९ गुणांचं होतं, १९८८ मध्ये १८. सतरा वर्षांच्या मुलांत ५३ वरून २०. नंतर ते मिटायचं थांबलं, उलट थोडं रुंदावलं. एकत्र शाळांचा कळस कुठल्या वर्षी म्हटलं होतं मी? १९८८. आता हे सगळं श्रेय एकट्या शाळांचं नाही; त्याच काळात पालकांचं शिक्षण वाढलं, गरिबांसाठीच्या योजना आल्या, बालवाड्या आल्या. म्हणून बर्कलीचे अर्थतज्ज्ञ रकर जॉन्सन यांनी वेगळी युक्ती केली. कोर्टाचा आदेश वेगवेगळ्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागांत) वेगवेगळ्या वर्षी आला, त्यामुळे एकाच घरातला थोरला जुन्या शाळेत आणि धाकटा एकत्र शाळेत, अशी भावंडंही सापडतात. १९४५ ते १९७० मध्ये जन्मलेल्यांचा माग त्यांनी पार प्रौढ वयापर्यंत काढला. एकत्र शाळेत जितकी जास्त वर्षं गेली, तितकी कृष्णवर्णीय मुलं जास्त शिकली, जास्त कमावती झाली, तुरुंगात कमी गेली, तब्येतीनेही बरी राहिली. गोऱ्या मुलांचं नुकसान काही आढळलं नाही.

एक मात्र कबूल केलं पाहिजे, आणि ते फॉरवर्डवाल्यांना सुचलेलंही नाही. शाळा एकत्र करताना बंद झाल्या त्या बहुतेक कृष्णवर्णीयांच्या, आणि घरी गेले तेही त्यांचेच शिक्षक. १९५४ ते १९६५ या काळात १७ राज्यांत मिळून ३८ हजारांच्या आसपास कृष्णवर्णीय शिक्षक आणि मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. खुद्द टोपेकात, जिथला ब्राउन खटला, तिथल्या शिक्षणाधिकाऱ्याने मार्च १९५३ मध्येच, निकालाच्या वर्षभर आधी, एका शिक्षिकेला पत्र पाठवलं होतं की निकाल तुमच्या बाजूने लागला तर पुढच्या वर्षी गोऱ्या मुलांना शिकवायला नीग्रो शिक्षक ठेवणं इथल्या बहुसंख्यांना रुचणार नाही. आज अमेरिकेतल्या सरकारी शाळांत कृष्णवर्णीय शिक्षक साधारण ६-७ टक्के आहेत, विद्यार्थी १५ टक्के. याचा परिणाम काय? नॉर्थ कॅरोलायनातल्या अभ्यासात दिसलं की तिसरी ते पाचवीत एक जरी कृष्णवर्णीय शिक्षक मिळाला, तर अगदी गरीब घरातल्या कृष्णवर्णीय मुलग्यांचं पुढे शाळा सोडण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. एक शिक्षक, एक वर्ष. एकत्र शाळा हव्या होत्या, पण दारातून फक्त मुलांना आत घेतलं आणि त्यांच्या बाईंना बाहेर ठेवलं.

‘आता कुणी कुठेही राहावं’

डेट्रॉइट शहरात एट माइल रोडजवळ एक भिंत आहे. सहा फूट उंच, फूटभर जाड, अर्धा मैल लांब. घरांच्या परसांमधून सरळ जाते. तिच्या काही भागावर आता रंगीत चित्रं काढली आहेत आणि दोन्ही बाजूंना बहुतेक कृष्णवर्णीय कुटुंबंच राहतात, त्यामुळे नवख्या माणसाला वाटावं की बागेची शोभा आहे. ती १९४१ ची. एका बिल्डरला गोऱ्यांसाठी स्कीम टाकायची होती. अमेरिकेत तेव्हा बँका घरकर्ज देत त्या एफएचए या केंद्र सरकारी संस्थेच्या हमीवर. संस्थेने सांगितलं, शेजारी काळ्यांची वस्ती आहे, हमी देता येणार नाही. बिल्डरने मधे भिंत घातली. हमी मिळाली.

‘कुणी कुठेही राहावं’ याचं उत्तर म्हणून मला ही भिंत पुरेशी वाटते, पण पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. १९३४ पासून तीसेक वर्षं याच हमीवर गोऱ्यांची उपनगरं उभी राहिली. वस्त्यांचे नकाशे रंगवलेले, कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांवर लाल रंग, म्हणजे कर्ज नको. घरविक्रीत वंशभेद करायला बंदी आली १९६८ मध्ये. तोवर घरं विकली जाऊन किमती वर गेलेल्या. अमेरिकन मध्यमवर्गाचं घर म्हणजे त्याचा पीएफ, एफडी आणि आजीच्या पाटल्या, तिन्ही एकात. ते ज्यांना घेऊ दिलं नाही त्यांच्या नातवंडांकडे आज काय असेल? २०२२ च्या सरकारी पाहणीत मधल्या गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता होती २ लाख ८५ हजार डॉलर, मधल्या कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४ हजार ९००. सहापट.

आणि तिथे शाळा घराला बांधलेली असते. सरकारी शाळेत प्रवेश पत्त्यावर, आणि पत्ता ज्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये तिथलीच शाळा. अशा तेरा हजारांवर डिस्ट्रिक्ट आहेत. डेट्रॉइटमध्ये हाच पेच कोर्टापुढे आला. १९७० च्या सुमाराला शहरातली साठ टक्क्यांहून जास्त मुलं कृष्णवर्णीय होती, गोरी कुटुंबं उपनगरांत गेलेली. न्यायाधीश स्टीफन रॉथ यांना सरळ दिसलं की शहराच्या आत मुलं कितीही फिरवली तरी काही एकत्र होत नाही. त्यांनी आजूबाजूचे ५३ उपनगरी डिस्ट्रिक्ट योजनेत घेतले. २५ जुलै १९७४ ला सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने ती योजना मोडली. या उपनगरांनी स्वतः काही गुन्हा केल्याचं सिद्ध झालेलं नाही, मग त्यांना कसं ओढायचं?

थरगुड मार्शल त्या वेळी त्याच कोर्टात न्यायाधीश होते. वीस वर्षांपूर्वी ब्राउन खटला वकील म्हणून त्यांनीच लढवला होता. त्यांनी विरोधी निकाल लिहिला: आपली मोठी शहरं दोन शहरांत फुटू देणं, एक गोरं आणि एक काळं, हा सोपा रस्ता वाटेल, पण एक दिवस आपल्याला याचा पश्चात्ताप होईल. मला विचाराल तर १९५४ इतकीच १९७४ ही तारीख फॉरवर्डमध्ये हवी होती. ब्राउनने भिंत पाडली असं धरलं, तरी या निकालाने डिस्ट्रिक्टची प्रत्येक रेषा ही भिंत करून टाकली. शाळा एकत्र नको असेल तर गोऱ्या कुटुंबाला दगड मारायची गरजच उरली नाही. ट्रक बोलवायचा आणि पलीकडे राहायला जायचं.

२००७ मध्ये तर सिअ‍ॅटल आणि लुइव्हिल या शहरांनी आपणहून, कोर्टाच्या धाकाशिवाय, शाळांत मुलांचं मिश्रण ठेवायचा घाट घातला होता. तोही ५ विरुद्ध ४ ने अडला: प्रवेश देताना मुलाचा वंश बघायचा नाही. इतकी वर्षं वंश बघूनच वस्त्या आखल्या, आता मोडताना बघायचा नाही.

‘अब्जावधी डॉलर ओतले’

सॅन अँटोनियो शहरातले दोन डिस्ट्रिक्ट. एजवुड गरीब, बहुतेक मेक्सिकन वंशाच्या लोकांची वस्ती. अलामो हाइट्स श्रीमंत, बहुतेक गोरी. शाळांचा मोठा खर्च स्थानिक घरपट्टीतून चालतो. एजवुडने स्वतःवर पट्टी लावली दर १०० डॉलरमागे १ डॉलर ५ सेंट, अख्ख्या परिसरात सर्वांत जास्त. अलामो हाइट्सची ८५ सेंट. एवढा जास्त कर भरूनही एजवुडला राज्याच्या योजनेपलीकडे एका मुलामागे मिळाले २६ डॉलर, अलामो हाइट्सला ३३३. घरंच स्वस्त, मग पट्टी किती निघणार? राज्याची आणि केंद्राची मदत धरून एजवुडमध्ये एका मुलावर ३५६ डॉलर, अलामो हाइट्समध्ये ५९४. पालक कोर्टात गेले. १९७३ मध्ये सुप्रीम कोर्ट ५ विरुद्ध ४ ने म्हणालं, शिक्षण हा अमेरिकी घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही. इथेही एका मताचा फरक.

पुढे बऱ्याच राज्यांनी मदत वाढवून ही दरी कमी केली. तरी २०१९ च्या एडबिल्ड संस्थेच्या अहवालात गोऱ्यांची बहुसंख्या असलेल्या डिस्ट्रिक्टना, इतरांच्या तुलनेत, जवळपास तेवढ्याच मुलांसाठी वर्षाला २३ अब्ज डॉलर जास्त मिळत होते. कुणी म्हणेल, न्यू जर्सीतल्या नेवार्क, कॅम्डेन या गरीब शहरांचं काय, तिथे तर माणशी खर्च उपनगरांहूनही जास्त आहे. बरोबर आहे. न्यू जर्सीच्या राज्य न्यायालयाने ते करायला लावलं, आणि त्यातून मोफत बालवाड्यांसारख्या चांगल्या गोष्टी झाल्या. पण सगळी गरिबी एका शाळेत गोळा करायची आणि मग तिथे जादा पैसे द्यायचे, यात शिक्षकांचा निम्मा दिवस भूक, बेघरपणा आणि गैरहजेरी निस्तरण्यात जातो. पैसा वाया जात नाही. बारा वर्षं सलग १० टक्के जास्त खर्च झालेल्या मुलांची मोठेपणची कमाई सुमारे ७ टक्क्यांनी वाढल्याचं संशोधन आहे, आणि फायदा जास्त होतो तो गरीब मुलांनाच.

‘आपल्या माणसांना कुणी मदत केली? संस्कार!’

त्या दोन सुटकेसपैकी एकीत डिग्रीचं सर्टिफिकेट होतं, हे फॉरवर्ड सांगत नाही.

१९१७ च्या कायद्याने भारतीयांना अमेरिकेत येऊन स्थायिक व्हायलाच बंदी होती. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की भारतीय ‘गोरे’ नाहीत, सबब नागरिकत्व नाही. १९२७ मध्ये मिसिसिपीतल्या एका चिनी वाण्याच्या मुलीला गोऱ्यांच्या शाळेतून काढलं, ते सुप्रीम कोर्टाने योग्य ठरवलं. तिच्या घरच्या संस्कारांची चौकशी कुणी केली नाही. १९४६ मध्ये भारतासाठी कोटा मिळाला तो वर्षाला १०० माणसांचा. दार उघडलं १९६५ च्या कायद्याने. नागरी हक्क कायद्यानंतर सव्वा वर्षात, त्याच चळवळीच्या रेट्यात तो आला. ज्यांना आपण फॉरवर्डमध्ये नावं ठेवतोय, त्यांच्या मोर्चांनी आपला व्हिसा काढून दिला.

आणि तो व्हिसा पारखून दिलेला. डॉक्टर, इंजिनिअर, पुढे एचवनबीवाले. तिथल्या भारतीय प्रौढांत चारातले तीन पदवीधर. भारतात शंभरात इतके पदवीधर कुठल्या गावात आहेत? त्यांची पदवी आपल्या करदात्यांनी जवळपास फुकट दिलेली. चाळणीतून निवडून पाठवलेल्या माणसांची पोरं शब्दांची स्पेलिंगं पाठ करतात, कौतुकच आहे. पण ती चाळणी आहे; संस्कारांची कसोटी नव्हे.

संस्कारच काढायचे तर काढू. गुलामीच्या काळात दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामाला वाचायला शिकवणं हा गुन्हा होता. त्याच लोकांनी १९१२ ते १९३२ या वीस वर्षांत दक्षिणेच्या खेड्यापाड्यांत पाच हजारांच्या आसपास शाळा उभ्या केल्या. शिकागोचे व्यापारी ज्युलियस रोझेनवॉल्ड यांनी देणगी दिली ४३ लाख डॉलर. कृष्णवर्णीय शेतमजुरांनी चिकन विकून, लाकूड तोडून, जमिनीचा तुकडा देऊन घातले ४७ लाख. शिवाय ते कर भरत होतेच, ज्याच्यातून गोऱ्यांची शाळा चालायची. एका शाळेसाठी दोनदा पैसे भरणाऱ्यांना शिक्षणाची आच नव्हती म्हणायला जीभ कशी वळते? १८७३ मध्ये महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतली गुलामी संपवणाऱ्या लोकांना. त्यांना तेव्हाच दोन्हीकडची गोष्ट एक दिसली होती. ‘त्यांच्यात शिक्षणाची आवडच नाही’ हे वाक्य आपण मराठीत आणखी कुणाकुणाबद्दल ऐकलंय, ते ग्रुपवरच्या सगळ्यांना माहीत आहे. नावं घेत नाही.

आता माझंच सांगते. न्यू जर्सीत सहाशेच्या आसपास स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत, एवढ्याशा राज्यात. घर घ्यायचं ठरलं तेव्हा एजंट बाई शाळेबद्दल चकार शब्द बोलेना. कायद्याने तिला वस्तीबद्दल बोलायची चोरी; ‘साइटवर रेटिंग बघा’ एवढंच. जे तिने सांगितलं नाही ते मंडळाच्या गणपतीत एका ताईंनी प्रसादाची वाटी हातात देता देता सांगितलं: ‘त्या रस्त्याच्या पलीकडे घेऊ नकोस हं, स्कूल डिस्ट्रिक्ट बदलते.’ अलीकडे नऊ गुणांची शाळा, पलीकडे तीन गुणांची. तेवढ्याच टाउनहाउसला अलीकडे लाखभर डॉलर जास्त. आम्ही ते दिले. नवऱ्याने हप्त्यांचं गणित तीनदा मांडलं आणि दिले.

२०१८ मध्ये याच रेषांवरून न्यू जर्सी सरकारवर खटला झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायाधीशांनी मान्य केलं की अनेक डिस्ट्रिक्टमध्ये मुलं वंशाप्रमाणे वेगळी पडली आहेत. पण सगळ्या राज्याची व्यवस्था घटनाबाह्य ठरवायला नकार दिला. आम्ही तोवर पुण्यात परतलो होतो. घर ज्या कुटुंबाला विकलं ते हैदराबादचं होतं. त्यांनी किचन बघायच्या आधी विचारलं, रस्ता नक्की कुठल्या डिस्ट्रिक्टमध्ये येतो.